समोरचा पेपर

लातूरला आत्याच्या घरी नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही, पण टीव्ही गेमचा आवाज मात्र सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत चालूच. टुंग टुंग, टिंव टिंव, मधूनच काहीतरी फुटल्याचा धडाका आणि त्यावर पोरांची बोंब. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या मला आवाजाचं काय कौतुक? इंजिनांची शंटिंग ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पण आत्या वैतागायची. लसूण सोलता सोलता पुढच्या खोलीकडे तोंड करून म्हणायची, "मुडदा बशिवला त्या टीव्हीचा! डोकं उठवलंय नुसतं." आणि मग त्याच पोरांसाठी अंबाडीची भाजी घोटायला बसायची, कारण गेम खेळणारी निम्मी पोरं तिच्याच मेसला जेवायची. कुणी ताटात भाकरी टाकली तर तिला राग यायचा, आणि कुणी चौथी मागितली तर त्याहून जास्त राग यायचा, पण वाढायची.

घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. पुढची रस्त्यावरची, तिला शटर. मधल्या खोलीत आम्ही सगळे. मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागं पाण्याची भांडी, म्हणजे पिंप, घागरी, हंडे, इतकंच काय पण लग्नातले वापरात नसलेले तांबेसुद्धा भरून ठेवलेले. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामांचं पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ माळ्यावर टाकले आणि मामा दिवसभर रिकामे बसायला लागले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी हैदराबादहून गेमचे चार डबे आणि पिशवीभर कॅसेटी आणल्या, जुने टीव्ही स्वतःच्या हातानं नीट करून मांडले, आणि दुकान असं चाललं की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. लातूर तेव्हा पोरांनी भरायला लागलं होतं. नांदेडहून, देगलूरहून, पार परभणीकडून आईबाप यायचे, पोराला एक ट्रंक आणि एक गादी घेऊन कुठल्यातरी खोलीत टाकायचे आणि क्लासला नाव घालून डोळे पुसत परत जायचे. पोरं दिवसभर फिजिक्स घोकायची आणि जो तासभर मोकळा मिळेल तो मामांच्या दुकानात घालायची. पोरी नाही हं. पोरींनी तिकडं फिरकायचंसुद्धा नाही. मधल्या खोलीच्या दाराला आत्यानं जाड पडदा लावला होता, तो खास माझ्यासाठी. मीही क्लासलाच आलेली होते, पण माझ्या बाबतीत क्लासपेक्षा पडद्याची काळजी जास्त होती. वडिलांनी आत्याला माझ्यादेखत सांगितलं होतं, "अक्का, जरा काही कानावर आलं तर त्याच गाडीनं हिला माघारी घेऊन जाईन. शिकणं राहिलं बाजूला."

क्लासमध्ये दर रविवारी सकाळी टेस्ट, सोमवारी भिंतीवर यादी, आणि मंगळवारपासून त्या यादीप्रमाणे बाक. पहिल्या नंबरचा पहिल्या बाकावर, शेवटचा पंख्याचं वारं न पोचणाऱ्या कोपऱ्यात. आणि एक रीत होती. कुणी एका आठवड्यात वीस-पंचवीस नंबर वर आला की सर त्याला सगळ्यांसमोर टेबलाशी बसवायचे आणि तशाच धर्तीचा पेपर पुन्हा सोडवायला लावायचे. पोरं त्याला 'समोरचा पेपर' म्हणायची. अख्खा वर्ग हाताची घडी घालून बघत बसायचा. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मलासुद्धा नाही. खरा असेल तर परत सोडवेल, त्यात काय एवढं! पुढं मी स्वतः नांदेडला कितीतरी वर्षं क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवली. एकदा एक बाई तावातावानं आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, माझ्या मुलाची सीट दुसऱ्यानंच नेली हो." माझ्या मुलाची सीट! परीक्षा व्हायच्या आधीच ती त्याच्या नावानं काढून ठेवली होती काय? ओठांवर आलं होतं, पण आवरलं. त्यांना चहा पाजून पाठवून दिलं.

तर मामांनी गंमत म्हणून प्लायचा एक तुकडा काळा रंगवला, भिंतीला टांगला आणि विटांच्या गेममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट करणाऱ्या पाच जणांची नावं त्यावर खडूनं लिहायला सुरुवात केली. विटांचा गेम म्हणजे वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून फिरवून खाली सलग थर लावायचा. थर भरला की नाहीसा होतो, नाही भरला तर ढीग चढत वर येतो आणि डाव संपतो. मामांनी गंमत केली, पोरांनी तिची रँकची यादी केली. पहिलं नाव संदीपचं. संदीप नांदेडचा, डॉक्टरांचा मुलगा, क्लासमध्येही पहिल्या बाकावर. दिसायला छान, बोलायला गोड, आणि आपल्याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय अशा थाटात वावरणारा. त्याच्याभोवती सात-आठ जणांचं टोळकं. मधल्या टीव्हीसमोरची खुर्ची त्यांची, नव्या कॅसेटचा पहिला डाव त्यांचा, कुणी नवखा बसलेला दिसला की "ए, ऊठ." मामा मधे पडले की म्हणायचे, "मामा, आमच्यामुळं दुकान हाय तुमचं." मामा हसायचे. मला पडद्याआड राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, संदीप क्लासमध्ये वळून बघायचा तेव्हा बरंही वाटायचं.

आमच्या घरी आता माझा पुतण्या कानाला हेडफोन लावून जगभरच्या पोरांशी खेळतो. कुणी अनोळखी त्याला हरवून गेला की घर डोक्यावर घेतो, "हॅकर हाय! रिपोर्ट मारा रे त्याला!" मी विचारलं, "कशावरून रे बाबा?" तर माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघत म्हणाला, "काकू, नवीन पोराला एवढं येतच नसतंय." झालं. पुरावा एवढाच. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी आपटली.

उमाकांत आमच्या मेसला बारावीच्या सुरुवातीला आला. किल्लारीच्या बाजूच्या एका गावचा. विसर्जनानंतरच्या त्या भूकंपाच्या पहाटे आमच्याकडे मुदखेडला फक्त मांडणीवरची भांडी वाजली होती. आम्ही अंगणात जाऊन उभे राहिलो, शेजाऱ्यांशी बोललो आणि चहा करून प्यालो. त्याच पहाटे त्याचं दगडमातीचं घर बसलं. आई, बाप, दोघी बहिणी. त्याला दुपारी उन्हात बाहेर काढलं. चुलता शेतात झोपायला गेला होता म्हणून वाचला, त्यानंच पत्र्याच्या शेडमध्ये या पोराला करून घातलं आणि दहावी पास करवली. क्लासच्या सरांनी त्याला फुकट घेतलं. हे सगळं आत्याला ठाऊक होतं, ती मला सांगायची. उमाकांत कधीच काही सांगायचा नाही. त्याचे हात कापायचे. वरणाची वाटी उचलली की सांडायची, म्हणून आत्या त्याला वरण ताटातच भाकरीवर घालायची. पेपर लिहिताना अक्षर असं व्हायचं की सरांना उत्तर लागायचं नाही, आणि यादीत तो शेवटून चौथा-पाचवा असायचा. पोरं त्याला 'भूकंपवाला' म्हणायची. एकदा पंगतीत संदीप त्याच्यासमोरच म्हणाला, "यांचं बरं हाय लेका. घर फुकट, क्लास फुकट, उद्या सीटबी फुकट." उमाकांत मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिला. आत्या पळी घेऊन तिथंच उभी होती. ती म्हणाली, "घे की मग तूबी. तुझे आईबाप दे आन् घे सगळं फुकट." संदीप हसला आणि बाकीचे हसले. अंगाला लावून घ्यायची सवयच नव्हती त्यांना.

त्यानंतर उमाकांत जेवायला सगळ्यांच्या शेवटी, दोन वाजता यायचा. तेव्हा मामा शटर अर्धं ओढून पार मागं, पाण्याच्या पिंपांशी गारव्याला घोरत असायचे आणि आत्या शेजारच्या काकूंकडे टेकायला गेलेली असायची. मामांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "जेवण झालं की बस थोडं, खेळ. उन्हात कुठं जातूस." तो बसायचा. पहिल्या दिवशी मी पडद्याआडून बघितलं. चौथ्या दिवशी ताटात डाळ निवडायला घेऊन पडद्याच्या पलीकडे जाऊन बसले. आठवड्याभरात दुसरा रिमोट माझ्या हातात होता. काय सांगू, त्या दुपारींइतकं सुख मला पुढं फार थोड्या वेळा मिळालं. प्रेमबीम काही नव्हतं हो. दोघंही कुणाच्या तरी दारात राहणारी, दोघांनाही अर्धा तास कुणी विचारत नव्हतं, एवढंच. आणि माझ्या लक्षात आलं की रिमोट हातात असला की याचे हात कापत नाहीत. अगदी स्थिर. मी विचारलं, "इथं कसा रे हात हालत न्हाई तुझा?" तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "इथं पडायच्या आधी दिसतंय की. हळू येतंय. सरकवायला टाइम घावतोय."

दिवाळीपर्यंत त्याचं अक्षर सुधारलं. खरंच सुधारलं, मी त्याची वही बघितली आहे. वाटी उचलून वरण प्यायला लागला तेव्हा आत्यानं पदर डोळ्याला लावला. यादीत तो एका सोमवारी तीस नंबर वर आला, सरांनी रीतीप्रमाणे समोरचा पेपर घेतला आणि त्यानं तो धडाधड सोडवला. सर खूश झाले, पण टोळकं कसलं ऐकतंय! "भूकंपवाल्याला सरांनी आधीच सांगितलं आसंल." त्यांना इतकी खात्री होती की कुणी 'कशावरून' हा शब्दही काढला नाही.

त्यानंतरच्याच एका दुपारी त्यानं संदीपचा आकडा ओलांडला. मी शेजारी बसले होते. डाळ तशीच राहिली. विटा अशा भराभर पडत होत्या की मला दिसतही नव्हत्या, आणि तो मात्र शांतपणे लावत होता, लावत होता. आकडा ओलांडला तेव्हा मी टाळी वाजवली, तर म्हणाला, "हळू, मामा उठतेल." त्यानंतरही बराच वेळ तो डाव चालला. संपला तेव्हा मामा खरंच जागे झाले, खोकले, आणि मी ताट उचलून एका उडीत पडद्याआड. मामांनी येऊन टीव्हीवरचा आकडा बघितला, डोळे चोळून परत बघितला. "आयला, उमाकांता! हे तू केलास?" असं म्हणून त्यांनी खडू घेतला आणि सगळ्यात वर त्याचं नाव लिहिलं. उमाकांत लाजून हसत होता. त्याला मोठ्यानं हसलेलं मी तेव्हाच बघितलं.

संध्याकाळी पोरांनी बोर्ड बघितला आणि जो काही गोंधळ घातला! कॅसेट काढून फुंकून बघितली, डबा उलटा करून बघितला. "मामा, तुम्ही बघितलंत का खेळताना?" मामा म्हणाले, "म्या झोपलो होतो रे, पण आकडा बघितलाय की डोळ्यानं." "म्हंजे कुणीच न्हाई बघितलं." दोन-तीन दिवस हेच. शेवटी रविवारी टेस्ट संपल्यावर सगळं टोळकं आलं आणि संदीपनं मामांना सांगितलं, "समोरचा पेपर घ्या. आमच्यापुढं खेळू द्या त्याला. न्हाईतर आम्ही सगळे उद्यापासून दुसरीकडं." मामा वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटलं, पोरगं खेळून दाखवील आणि यांची तोंडं बंद होतील. म्हणाले, "एक डावाचा तर प्रश्न हाय. बस रे उमाकांता." रस्त्यावरची पोरं आत घुसायला लागली म्हणून कुणीतरी शटर खाली ओढलं. पूर्ण खाली.

मी पडद्यामागं उभी होते. "शटर उघडं राहू द्या," उमाकांत म्हणाला. "का बे, पळायचंय का?" असं कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. वीस-बावीस पोरं, चार भिंती, घामाचा वास, विजेचा पिवळा दिवा. त्यानं रिमोट घेतला. सुरुवातीचे थर बरे लागले. मग बाहेर राहिलेली पोरं शटरवर हातानं धडधड मारायला लागली. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, लोखंडी शटर आतून कसं वाजतं. अख्खी खोली हादरली. उमाकांतच्या हातातला रिमोट पडला. तो उठला, पोरांना ढकलत सरळ माझ्या दिशेनं आला आणि पडद्यासमोर, दाराच्या चौकटीत, दोन्ही हात वर करून चौकट धरून उभा राहिला. लातूर-नांदेड, आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या पोरापोराला तेव्हा शाळेत शिकवलं होतं, धक्का बसला तर चौकटीखाली उभं राहायचं. त्या बावीस जणांनाही शिकवलं होतं. तरी ते हसले.

टीव्हीवर ढीग वर चढला आणि डाव संपल्याचं गाणं वाजलं. संदीप म्हणाला, "आता खरं बोल. तवा कुणी बघितलं होतं का तुला? एक माणूस सांग. एकच." पडदा उमाकांतच्या नाकाला लागत होता आणि माझ्या नाकालाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी फक्त हात लांबवून पडदा बाजूला केला असता! मी होते, मी बघितलं, एवढे चार शब्द. पण ते चार शब्द म्हणजे रोज दुपारी मामा झोपल्यावर मी एका पोराशेजारी बसत होते, हेही होतं, आणि ती पोरं त्याचं काय करतील ते मला माहीत होतं. रात्रीच्या आत ते मुदखेडला पोचलं असतं. उमाकांत म्हणाला, "न्हाई. कुणी न्हवतं." मागून आत्यानं हाक मारली, "सुरेखा, आत ये," आणि मी गेले. पुढच्या खोलीत पोरांनी बोर्डावरचं त्याचं नाव पुसून 'चोर' असं लिहिलेलं मामांनी नंतर ओल्या फडक्यानं काढलं. जेवायला तो आला नाही. त्याच संध्याकाळच्या बसनं गावाकडं गेला, वह्या-पुस्तकांची पिशवी आमच्या मधल्या खोलीत तशीच सोडून.

पंधरा दिवसांनी त्याचा चुलता आला. लोक त्याला तात्या म्हणत. उंच, वाळलेला, धोतराला मातीचे डाग. त्या दिवशी नळ आला होता, आत्या मागं पाणी भरत होती. मामा पुढं दुकानात. मी तात्यांना चहा दिला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "बाई, सुरेखा तूच ना?"

"हाव."

"पोरगं बोलंना झालंय. हात पुन्यांदा हालायलाय, भाकर मोडंना. आन् सारखं घोकायलंय, मी चोरी न्हाई केली म्हून. मी म्हनलं, बाबा, कुणी बघितलं आसंल तर सांग की. तवा मला म्हनला, तात्या, त्या घरची सुरेखा होती शेजारी. तिला एकलीला विचार, कुणाम्होरं विचारू नको, तिला तरास हुईल." तात्यांनी बशी दोन्ही हातांनी धरली होती. "तू नुसती हो म्हन, बाई. मी कुणाला सांगत न्हाई, देवाशपथ. तू हो म्हनलीस की उद्याच त्याला परत आनतो, क्लासात बशिवतो. परीक्षा दोन महिन्यांवर हाय. न्हाई म्हनलीस तर मी समजंन, पोराच्या मनावर परिणाम झालाय, घरीच ठिवतो."

मागं हंड्यात पाणी पडत होतं. आत्याला काही ऐकू आलं नसतं. पुढं टुंग टुंग चालू होतं. माझं काहीही बिघडणार नव्हतं, आणि हे मला त्या क्षणी स्पष्ट कळत होतं. त्या म्हाताऱ्याच्या तोंडून ते बाहेर गेलं नसतं. इतकी वर्षं मी स्वतःला पोरगी होते, लहान होते, भेदरले होते असं सांगत आले आणि त्यातलं एकही कारण त्या दुपारी लागू नव्हतं. त्या डावाचा विषय निघाला की नाही म्हणायची सवय पंधरा दिवसांत माझ्या तोंडाला लागली होती आणि मी तोंड आवरलं नाही. एवढंच आहे. यापेक्षा बरं काही सापडेल म्हणून मी पुष्कळ शोधलं.

"न्हाई," मी म्हणाले. "मी कधी बघितलं न्हाई त्याला खेळताना."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग उरलेला चहा प्याले, बशी खाली ठेवली, वह्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं झालं बाई, तू खरं सांगितलीस," ते म्हणाले. "मी आपला त्याचंच खरं धरून बसलो होतो."